दोन ओहमच्या खाली नाही

तोकमोकच्या गाड्यांच्या बाजारात, सुट्या भागांच्या रांगेत, उल्कान एजेचा, म्हणजे उल्कानताईचा, कंटेनर आहे; गाड्यांत ढोलासारखा ठोका देणारे मोठे स्पीकर, म्हणजे वूफर, ती बसवते. दारावर तिने स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहून ठेवलंय: 'ओहम आधी, वॉट नंतर.' गिऱ्हाईक ते वाचतं, मान डोलावतं आणि पहिला प्रश्न वॉटचाच विचारतं.

"एजे, हा वूफर किती वॉटचा?"

"स्टिकरवरचे सांगू की खरे?"

"त्यात फरक असतो?"

"स्टिकरवर तीन हजार आहेत. उद्या मी कपाळावर पंचावन्न किलोचं स्टिकर लावते. घेशील मला उचलून?"

एजे चांगली भरभक्कम बाई आहे. गिऱ्हाईक हसतं, जरा लाजतं आणि मग गुमान ऐकून घेतं. गाडीच्या डिकीत अर्धी वाकून ती बोलते, त्यामुळे निम्मं व्याख्यान डिकीलाच मिळतं. सांगते ते असं: ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, हा पाटाच्या पाण्यावरचा पंप, आणि वूफर म्हणजे त्यावर काढलेली दारं. शेजारी शेजारी जितकी दारं काढशील तितकी पाण्याची अडवणूक कमी, आणि तितकं जास्त पाणी पंपाला ढकलावं लागणार. ही अडवणूक ओहममध्ये मोजतात. चार ओहमचा एक वूफर लावलास, ठीक. चार-चारचे दोन शेजारी जोडलेस की अडवणूक निम्मी, म्हणजे दोन ओहम. तिसरा जोडलास की दोनच्याही खाली गेलास. आणि ज्या ॲम्पवर 'दोनच्या खाली नाही' असं छापलंय तो खाली नेलास तर...

"तर काय होतं, एजे?"

"आधी फार छान वाजतं. तिथेच तर माणसं फसतात."

शेजारच्या कंटेनरमध्ये मी फोन दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात भांडतो. माझे आईबाप दोघे बहिरे. मला ऐकू येतं, पण बोलायला मी आधी हातांनी शिकलो, तोंडाने नंतर. तोकमोकमध्ये बहिऱ्या माणसाला डॉक्टरने हाकललं, वाहतूक पोलिसाने अडवलं, लग्नाच्या कचेरीत दुभाषा नाही म्हणून परत पाठवलं की लोक माझं दार ठोठावतात. कुणी 'कर्णबधिर' म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझे आईबाप स्वतःला बहिरे म्हणवतात, त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही, आणि ज्याला वाटतो त्याने माझ्याशी येऊन बोलावं.

एजेची आणि माझी ओळख झाली ती तिच्या मुलीमुळे. बेगाइम जन्मापासून बहिरी. लहानपणी गाडीत बसवलं की ती जीव जाईपर्यंत रडायची. का ते कुणालाच कळेना. एजे तेव्हा पडदे शिवायची. नवरा रशियाला गेला होता आणि तिथलाच झाला होता. तो विषय तिच्याकडे बंद आहे, मीही उघडत नाही. एकदा एजेचा थोरला भाऊ कुबात, तिचा बाइके म्हणजे दादा, केमिनहून आला. डोंगरातला मेंढरंवाला माणूस, मिशीवाला, गर्जून बोलणारा. त्याने नवीनच गाडी घेतली होती आणि डिकीत हा भला मोठा वूफर बसवला होता. चार वर्षांच्या भाचीला त्याने मागे बसवलं आणि गाणं लावलं. पोरगी रडता रडता थांबली. तिने गाडीच्या दाराला तळहात लावला. मग दुसरा लावला. मग गाल लावला.

"हसली," एजे सांगते. "गाडीत पहिल्यांदा हसली. बाइके तर रडायलाच लागला. एवढा बाप्या, स्टिअरिंगवर डोकं ठेवून."

त्याच आठवड्यात एजेने बाजारातून मोडका वूफर आणला आणि मुलीच्या खाटेखाली ठेवला. शिकवायला कुणी नव्हतं. दुकानदारांनी तिला हसून वाटेला लावलं. तिने तीन ॲम्प जाळले. पहिला जळलेला ॲम्प अजून कंटेनरच्या भिंतीवर टांगलाय, शिकाऱ्याच्या घरात शिंगं टांगतात तसा. नवीन गिऱ्हाईक फार शहाणपण करायला लागलं की ती नुसतं त्याच्याकडे बोट दाखवते. पडदे सुटले, डिक्या सुरू झाल्या. आज केमिनपासून कान्तपर्यंतची पोरं तिच्याकडे येतात आणि तिच्या शिव्या खातात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

बेगाइम मोठी झाली, शिवणकामात आईच्या पुढे गेली आणि तिलेकच्या प्रेमात पडली. तिलेक बहिरा, सुतार, हातांनी इतके विनोद करतो की माणूस हसून दमतो. लग्न ठरायच्या आधी आम्ही सगळे तिच्या एका चुलत बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. तिथे बहिऱ्या पाहुण्यांचं टेबल कुठे मांडलं होतं? स्वयंपाकघराच्या दाराशी. "त्यांना गाण्याचं काय करायचंय?" असं यजमान मलाच विचारत होता. मग मी माईक ओढून घेऊन काय काय बोललो ते इथे नको. परतताना गाडीत बेगाइमने पुढच्या सीटवरच्या आईच्या खांद्यावर थाप मारली आणि हातांनी सांगितलं, "माझ्या लग्नात माझे मित्र बघत बसणार नाहीत."

"नाचतील," एजे म्हणाली. हातांनी आणि तोंडाने, दोन्हीने.

बोलून बसली. आता ते करायचं कसं?

तिच्या अंगणात दोन तापचान होते. तापचान म्हणजे आमच्याकडे प्रत्येक अंगणात असतो तो लाकडी ओटा, ज्यावर बसून उन्हाळाभर चहा चालतो. तिलेकने दोन्ही जोडून एक रुंद ओटा केला, वर नवी फळी ठोकली आणि खाली चारही बाजूंनी जाड प्लायवूड लावून तो पेटीसारखा बंद केला. त्या पेटीत एजेने बारा इंची दोन वूफर बसवले, चार-चार ओहमचे, प्रत्येकी सहाशे वॉट खरोखर पचवणारे. ॲम्प बाराशेचा, दोन ओहमपर्यंत चालणारा. दोन्ही वूफर शेजारी जोडले की बरोब्बर दोन ओहम, बरोब्बर सहाशे-सहाशे. ओट्याशेजारी तिची जुनी होंडा उभी, बॉनेट उघडं, इंजिन चालू, बॅटरीवरून बोटाएवढी जाड केबल. तसला दुसरा ॲम्प अख्ख्या बाजारात नव्हता. तो गेला तर नाच गेला.

शेजारची म्हातारी सोनुनबू येऊन बघून गेली. "चहाच्या ओट्यावर पाय ठेवणार? पादत्राणं घालून?"

"मोजे घालून नाचतील, आपा," एजे म्हणाली.

म्हातारीला ते पटलं. आणि मोजेच बरे पडतात, पायाला जास्त कळतं.

चाचणी बेगाइमनेच घेतली. ती ओट्यावर उभी, एजे बटणांशी.

"कसं आहे?" आईने विचारलं.

"चिखल," बेगाइमचे हात म्हणाले. "ठोका हवा, चिखल नको."

एजेने एक बटण मागे घेतलं. "आता?"

"अजून चिखल. तुला नाही कळायचं, तुला ऐकू येतं ना."

एजे मला म्हणाली, "बघ, एर्मेक. पोटची पोर टोमणे मारते आणि तेही हातांनी, म्हणजे उलट बोलली असंही म्हणता येत नाही." पण पुन्हा बटणांवर वाकली, आणि मुलगी डोळे मिटून मान हलवायला लागेपर्यंत वाकलेलीच राहिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुणे यायला लागले. आमच्याकडे लग्नाला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. मेंढी, गालिचा, रजया, ज्याला जे जमेल ते. याला कोशुमचा म्हणतात, आणि आलेला कोशुमचा परत करायचा नसतो. परत केला तर देणाऱ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं. आणि देणारा जर मुलीचा मामा असेल, तर मग विचारायलाच नको. मामाने हात उचलून आशीर्वाद दिल्याशिवाय मुलगी अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही.

कुबात बाइके आला. मेंढी आणली, ती उतरवली. मग मागची सीट उघडून त्याने पांघरुणात गुंडाळलेलं काहीतरी लहान बाळासारखं दोन्ही हातांवर घेतलं आणि सगळ्यांसमोर उघडलं. त्याच गाडीतला तो जुना वूफर. कडा चिरा पडून तांबूस झालेल्या, पण स्टिकर शाबूत. तीन हजार वॉट.

"डिकीतून काढून आणला," तो गरजला. "माझ्या भाचीला पहिला ठोका यानेच दिला. तिच्या लग्नात हा वाजला पाहिजे!"

लोकांनी वाहवा केली. एजेने भावाला मिठी मारली. मी तिचा चेहरा बघत होतो. डोळे भरून आले होते आणि तोंडाचा रंग उडाला होता. चार ओहमचा तिसरा. दोनच्या शेजारी जोडला तर दीडच्याही खाली. सगळे एकामागे एक ओवले तर बारा ओहम, म्हणजे ॲम्प नुसता जांभया देणार. दोन शेजारी आणि हा त्यांच्या मागे असं केलं तर सहा, पण मग शक्तीच्या तीन वाट्यांतले दोन या म्हाताऱ्याच्या अंगावर, आणि तो दीडशेसुद्धा पचवेल की नाही शंका. हे सगळं ती माझ्या कानात एका दमात बोलली आणि भावाला म्हणाली, "बाइके, आधी चहा घ्या. बघू नंतर."

हे 'बघू नंतर' तिला भोवलं. ती बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगे, तळायला चुलीशी गेली. मामाला वाटलं, बहीण कामात आहे, आपणच लावून टाकू. माणूस स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः खोलणारा. दोन तारा जोडणं म्हणजे काय मोठं? त्याने वूफर ओट्यावरच ठेवला, ॲम्पला दोन तारा खोचल्या आणि तिलेकला खूण केली. तिलेकने गाणं लावलं.

आणि फार छान वाजलं.

अंगणातले ग्लास थरथरले, पोरं किंचाळली, मामाने मुठी आभाळात उडवल्या. कढईपाशी एजेने मान वर केली. तेवढ्या आवाजातही तिला कळलं की हे फार जास्त छान आहे. हातात झारा तसाच, तेल गळतंय, आणि ती धावत आली. "बंद करा! अरे बंद करा!" ती पोचेपर्यंत ते आपोआपच बंद झालं. ॲम्पवरचा हिरवा दिवा विझून लाल लागला होता. जळकट वास येत होता.

एजेने खाली वाकून मामाच्या दोन तारा उपटल्या. रागात उपटल्या, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर.

"माझा कोशुमचा काढतेस?" मामा म्हणाला. या वेळी गरजला नाही, हळू बोलला. ते जास्त वाईट होतं.

"बाइके, ॲम्पला पेलत नाही. तुम्ही विचारलं असतं तर..."

"परक्याला विचारायचं असतं. मी परका झालो?"

"तसं कोण म्हणतंय?"

"तुझे हात म्हणतायत." त्याने वूफर उचलला, पांघरुणात गुंडाळला आणि जाऊन गाडीत बसला. दार उघडं ठेवलं, म्हणजे निघालेला नाही. चहाचा वाडगा परत पाठवला, म्हणजे थांबलेलाही नाही.

मला चीड आली होती. मी म्हणालो, "एजे, मी जाऊन सांगतो त्यांना, मुलीचा नाच मोठा की तुमची मिशी मोठी." तिने माझ्या छातीवर झारा टेकवला. तेलाचा डाग अजून त्या शर्टवर आहे. "तू तोंड उघडू नकोस, एर्मेक. तो चुकला नाही. तो वूफर नसता तर मी आजही पडदे शिवत असते."

तिने ॲम्प सावलीत दोन विटांवर ठेवला, सगळ्या तारा सोडवल्या आणि त्याला हात लावला नाही. गरम ॲम्पला सारखं डिवचायचं नसतं. एकतर तो स्वतःला वाचवायला बंद पडला होता, किंवा मेला होता. थंड झाल्यावर कळणार होतं. ती पायरीवर बसून राहिली.

तेवढ्यात बेगाइम मामाच्या गाडीकडे गेली. मागचं दार उघडून आत बसली आणि लहानपणी लावायची तसा दाराला तळहात लावला. डिकी रिकामी होती, दारात काहीच येत नव्हतं. मामाने आरशातून बघितलं. त्याला खुणांची भाषा येत नाही, पाच-सहा खुणा येतात तेवढ्याच. त्याने छातीवर मूठ ठेवून त्यातलीच एक केली. 'मी आहे.'

एजे पायरीवरून हे बघत होती. एकदम उठली.

"तिलेक! करवत!"

तिच्या धंद्यात रोजचा एक घोळ असतो. एका पेटीत दोन वूफर असले आणि एकाची तार आतून तुटली, तरी गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की दोन्ही चालू आहेत, कारण दोन्ही हलताना दिसतात. पेटी बंद असते. एकाने हवा ढकलली की ती दुसऱ्याच्या पाठीवर आदळते आणि तोही हलतो, वीज न घेता. इतकी वर्षं तिने या हलण्याला खोड म्हणून शिव्या घातल्या होत्या.

तिलेकने प्लायवूडमध्ये गोल भोक कापलं. एजेने टायरच्या दुकानातून चाकं समतोल करायची चिकट शिशाची वजनं मागवली. मग गाडीपाशी जाऊन भावासमोर उभी राहिली.

"बाइके, वूफर द्या. लावते."

"पेलत नाही म्हणालीस."

"तारेने लावला तर पेलत नाही. तार लावणार नाही. नुसता बसवणार. सगळ्यांदेखत सांगते, लपवाछपवी नाही. पण हलेल. आणि हलला की ठोका खोल जाईल."

"बिनतारेचा हलतो? मला मेंढरू समजतेस?"

"हलला नाही तर दुकानाची किल्ली तुमची."

मामा उतरला. लोक गोळा झाले. एजेने वूफर भोकात घट्ट बसवला, आणि तो जड होऊन खोल झुलावा म्हणून त्याच्या पडद्याच्या मधोमध शिशाची वजनं चिकटवली. मामाने मागच्या लोंबत्या दोन तारा बघितल्या आणि नीटनेटकेपणाने त्यांना पीळ द्यायला गेला.

"नको! त्यांना एकमेकींना टेकू देऊ नका. टेकल्या की तो आखडतो."

"बरंच नाजूक आहे हे."

"तुमच्याकडूनच आलंय."

मामाच्या मिशीखाली काहीतरी हललं.

आता ॲम्प. एजेने आपल्या दोन वूफरच्या तारा पुन्हा जोडल्या, मीटर लावून मोजलं, दोन. मग जाड केबल जोडली. लाल दिवा क्षणभर लागला. मग हिरवा झाला.

एजेने गाणं हळू सुरू केलं, मग वाढवलं. दोन वूफर थरथरले, आणि मधला, बिनतारेचा, आत-बाहेर झुलायला लागला, भात्यासारखा. मामाने तळहात धरला. आधी लांब, मग जवळ.

"उल्कान," तो म्हणाला, "माझाच जास्त हलतोय."

"हो, बाइके."

"बघा रे! माझा जास्त हलतोय! वीज न खाता!"

बेगाइम ओट्यावर चढली. डोळे मिटले. आम्ही सगळे तिच्या हातांकडे बघत होतो. तिने खाली बोट दाखवलं, मग पोटावर हात ठेवला. "इथपर्यंत येतंय," तिचे हात म्हणाले. "आधी गुडघ्यापर्यंतच होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं उरकल्यावर, बहिऱ्या पाहुण्यांचं टेबल अंगणाच्या मधोमध होतं. ते मी मांडलं होतं आणि हलवायची कुणाची हिंमत नव्हती. कारा जोर्गो या आमच्या नाचाची चाल लागली. बेगाइमची शाळेपासूनची सगळी मंडळी पादत्राणं काढून ओट्यावर चढली. रंगीबेरंगी मोजे, एकाच्या अंगठ्याला भोक. खांदे उडायला लागले, घोड्याची चाल धरली, सगळ्यांची एकदम, एकही मागे-पुढे नाही. ऐकू येणारे खाली जमिनीवर नाचत होते आणि त्यांचीच चाल चुकत होती, कारण ते एकमेकांकडे बघून टाळ्या देत होते. सोनुनबू आपा आली, ओट्याच्या कडेला बसली, फळीवर हात ठेवला आणि उठायचं नाव घेईना.

एजे मात्र नाच बघतच नव्हती. ती होंडाशेजारी उकिडवी बसून ॲम्पवरच्या दिव्याकडे बघत होती. दुपार तापली होती. ती पुठ्ठ्याने ॲम्पला वारा घालत होती, मध्येच त्याच्या पाठीवर हात ठेवत होती, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मी म्हणालो, "एजे, तीन गाणी झाली. मुलगी नाचतेय तुमची." ती म्हणाली, "नाचतेय ना? मग मी इथेच बरी."

मुलीची निघायची वेळ झाली तेव्हा मामा पुढे आला. हात वर करून त्याने आशीर्वाद दिला, लांबलचक, डोंगरातल्या माणसांचा असतो तसा, त्यात आयुष्य, लेकरं, मेंढरं सगळं आलं. मी तो हातांनी सांगत होतो. शेवटी तो अडखळला आणि म्हणाला, "जिथे जाशील तिथे पायाखालची जमीन तुझ्याशी बोलो." तेही मी हातांनी नीट सांगितलं.

बेगाइम गाडीत बसायला निघाली आणि मध्येच वळली. लग्नाच्या झग्यात होंडापाशी आली, आईचा हात धरला आणि ओढला.

"दिवा," एजे म्हणाली. "दिवा कोण बघेल?"

बेगाइमने माझ्याकडे बोट दाखवलं.

एजेने पुठ्ठा माझ्या हातात कोंबला. "वारा घालत राहा. डोळा हलवलास तर मान मोडीन. लाल झाला की आधी केबल काढ, मग बोंब मार." आणि बूट काढायला लागली. एका हाताने मुलीला धरून, दुसऱ्याने नाडी सोडत.

मामाही मागून चढला, न विचारता. शेवटचं गाणं पुन्हा लागलं. फळी करकरली तेवढं मी ऐकलं. एजे कशी नाचली, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. लोक अजून बाजारात त्याबद्दल बोलतात, मामा तर केमिनभर सांगत सुटलाय की त्याचा वूफर वीज न खाता लग्न नाचवतो, आणि कोशुमचा म्हणून तो परत न्यायलाही तयार नाही. पण मी काहीच बघितलं नाही. मी दिवा बघत होतो. हिरवा होता, शेवटपर्यंत.